घातांकांचा गुणाकार: बेरीज कुठे करायची आणि गुणाकार कुठे

अर्थसंकल्पाच्या बातमीत ‘अमुक लाख कोटी रुपये’ असे वाचले की एकावर किती शून्ये द्यायची, हे कधी मोजून पाहिले आहे का? लाखात पाच, कोटीत सात. लाख गुणिले कोटी म्हणजे एकावर बारा शून्ये. पाच आणि सात यांची बेरीज झाली, गुणाकार नाही. पस्तीस शून्ये कोणीच देणार नाही. हा हिशेब तुम्हाला पटला असेल, तर घातांकांच्या गुणाकाराचा पहिला नियम तुम्हाला आधीपासूनच येतो. फक्त तो वहीत ओळखायचा राहिला आहे.

माझी शाळा आठवीनंतर सुटली. बत्तिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले, तेव्हा भूमितीपेक्षा बीजगणिताने जास्त छळले, आणि बीजगणितात घातांकांनी. नियम पाठ होते. पण पेपर हातात आला की ‘इथे मिळवायचे की गुणायचे?’ या एका प्रश्नावर हात थांबायचा. पुढे मला जे उशिरा कळले ते इथे क्रमाने लिहिते. सातवी-आठवीच्या मुलांना, त्यांना घरी शिकवणाऱ्या आईवडिलांना आणि माझ्यासारख्या मध्येच शाळा सुटलेल्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल.

लिहिण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. टाइप करताना घातांक डोक्यावर लहान अंकात बसवता येत नाही, म्हणून मी इथे ^ ही खूण वापरते. २^५ म्हणजे २ चा ५ वा घात. तुम्ही वहीत मात्र ५ लहान काढून २ च्या उजव्या खांद्यावरच लिहा. पुस्तकात नियमांसाठी इंग्रजी अक्षरे असतात. त्यांच्या जागी मी अ, ब, म, न, क्ष, य घेतले आहेत.

जवळ काय हवे

- इयत्ता सातवी आणि आठवीचे गणिताचे पुस्तक. सातवीत घातांकांची ओळख आहे, आठवीत अपूर्णांक घातांक येतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात.
- चौकटींची वही आणि दोन रंगांची पेने. दुसरा रंग कशासाठी ते पायरी ४ मध्ये कळेल.
- एका कागदावर हाताने लिहिलेला छोटा तक्ता: २ चे घात १० पर्यंत (२, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४), ३ चे पाचपर्यंत (३, ९, २७, ८१, २४३), ५ चे चारपर्यंत (५, २५, १२५, ६२५). हा तक्ता छापील नको. स्वतः गुणून लिहा, म्हणजे निम्मा त्याच वेळी पाठ होतो.
- कॅल्क्युलेटर, पण फक्त ताळा करायला.

पायरी १: घातांक ही मोजणी आहे

२^५ मध्ये २ हा पाया आणि ५ हा घातांक. वाचायचे ‘दोनचा पाचवा घात’. अर्थ असा: २ हा अंक पाच वेळा लिहा आणि मध्ये गुणाकाराची चिन्हे द्या.

२^५ = २ × २ × २ × २ × २ = ३२

पुष्कळ ठिकाणी ‘दोनला स्वतःशी पाच वेळा गुणायचे’ असे शिकवतात. हे वाक्य सोडून द्या. वरच्या ओळीत दोन पाच वेळा आहेत, पण गुणाकाराची चिन्हे चारच आहेत. चिन्हे मोजत बसलात तर उत्तर ६४ येते. अंक मोजा.

इथे तीन खाचखळगे आहेत.

पहिला: २^५ म्हणजे २ × ५ नव्हे. ते १० होतात, घात ३२ आहे.

दुसरा: ज्याच्या डोक्यावर काहीच नाही, त्याचा घातांक १ असतो. क्ष म्हणजे क्ष^१. हा १ दिसत नाही म्हणून मोजायचा राहतो. क्ष × क्ष^४ चे उत्तर क्ष^४ लिहिणारी मुले मी दर वर्षी पाहते. उत्तर क्ष^५ आहे.

तिसरा, आणि सर्वांत जास्त गुण घालवणारा: घातांक फक्त त्याला चिकटलेल्या गोष्टीचा असतो. ३क्ष^२ मध्ये वर्ग फक्त क्षचा आहे, ३ चा नाही. तसेच −२^४ मध्ये चौथा घात फक्त २ चा, उणे चिन्ह बाहेरच राहते, म्हणून उत्तर −१६. (−२)^४ मध्ये मात्र कंसामुळे उणे चिन्हही चार वेळा येते आणि उत्तर १६ होते.

पायरी २: उलगडा, मग मोजा

आता गुणाकार. २^३ × २^४ दिले आहे. नियम आठवायला जाऊ नका. उलगडून लिहा.

२^३ × २^४ = (२ × २ × २) × (२ × २ × २ × २)

गुणाकारात कंसांची गरज नाही. एका ओळीत किती दोन झाले? सात. म्हणजे २^७. ताळा करा: ८ × १६ = १२८, आणि तक्त्यात २^७ समोर १२८ च आहे.

हाच नियम पुस्तकात असा असतो:

अ^म × अ^न = अ^(म + न)

म वेळा अ, पुढे आणखी न वेळा अ, एकूण (म + न) वेळा. लाख कोटीच्या शून्यांचे हेच झाले होते: १०^५ × १०^७ = १०^१२.

तीन-चार पदे असली तरी फरक पडत नाही. ७^२ × ७ × ७^३ = ७^६. मधल्या एकट्या ७ चा न दिसणारा १ धरला ना?

या पायरीवर मुले पाया सुद्धा गुणतात आणि २^३ × २^४ = ४^७ लिहितात. ४^७ म्हणजे १६३८४. खरे उत्तर १२८. असे कोणी केले तर त्याला नियम पुन्हा सांगू नका, वरची उलगडलेली ओळ त्याच्याकडून लिहून घ्या आणि विचारा, यात ४ कुठे आहे?

आणि बेरजेला हा नियम लावू नका. २^३ + २^४ म्हणजे ८ + १६ = २४. ते २^७ नाही. बेरजेत सगळे दोन एका ओळीत येतच नाहीत.

पायरी ३: पाया सारखा आहे का ते पाहा

घातांक मिळवण्याआधी नजर खाली, पायाकडे न्यायची. २^३ × ५^४ मध्ये तीन दोन आणि चार पाच आहेत. ‘सात काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून घातांक मिळवता येत नाहीत.

हा भेद भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या बीजगणितात स्पष्ट सांगितला आहे. आपण जिथे क्ष लिहितो तिथे ते ‘यावत्तावत्’ म्हणत आणि थोडक्यात ‘या’ लिहीत. दुसरी अव्यक्त संख्या आली की तिला रंगाचे नाव, ‘कालक’ म्हणजे ‘का’, तिसरीला ‘नीलक’ म्हणजे ‘नी’. एकाच जातीच्या अव्यक्तांचा गुणाकार केला की वर्ग, घन वगैरे होतात, आणि वेगळ्या जातींचा केला की जे होते त्याला त्यांनी वेगळेच नाव दिले: ‘भावित’. क्ष × क्ष आणि क्ष × य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका शब्दात आले. मी हे वाचल्यापासून मुलांना विचारते, ‘जात एक आहे का?’ आणि ती लगेच पायाकडे बघतात.

मात्र वेगळे दिसणारे पाये कधी कधी एकाच घरचे असतात. ४^३ × २^५ पाहा. ४ म्हणजे २^२. मग ४^३ मध्ये सहा दोन आहेत.

४^३ × २^५ = २^६ × २^५ = २^११ = २०४८

परीक्षेत ४, ८, १६, ९, २७, २५ असे पाये आले की तक्ता आठवा. ते बहुधा २, ३ किंवा ५ ची वेषांतरे असतात.

पायरी ४: सहगुणक एका रंगात, घातांक दुसऱ्या रंगात

३क्ष^२ × ५क्ष^४ या उदाहरणात एकाच वेळी दोन कामे आहेत. पुढच्या संख्या, म्हणजे सहगुणक, नेहमीसारखे गुणायचे. घातांक मिळवायचे. मी सहगुणक निळ्याने आणि घातांक लाल पेनने लिहायचे. निळ्यात गुणाकार, लाल रंगात बेरीज.

३ × ५ = १५, आणि २ + ४ = ६. उत्तर १५क्ष^६.

रंग नसतील तर ८क्ष^६ (सहगुणकही मिळवले) किंवा १५क्ष^८ (घातांकही गुणले) अशी उत्तरे येतात. माझ्या सराव वहीची पहिली दहा पाने अशाच चुकांनी भरली होती. रंग सुरू केले आणि आठवड्याभरात त्या थांबल्या.

मोठ्या संख्यांचे गुणाकारही असेच होतात. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ × १०^८ मीटर जातो. वर्षात सुमारे ३.१५ × १०^७ सेकंद असतात. मग वर्षभरात प्रकाश किती मीटर जाईल?

३ × ३.१५ = ९.४५, आणि ८ + ७ = १५. उत्तर ९.४५ × १०^१५ मीटर. किलोमीटर करायला तीन शून्ये काढा: ९.४५ × १०^१२, म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. एक प्रकाशवर्ष. हा हिशेब मी कागदाच्या अर्ध्या ओळीत केला, त्या दिवशी घातांक कशासाठी असतात हे मला पहिल्यांदा उमगले.

पायरी ५: घाताचा घात

इथे घातांकांचा खरोखर गुणाकार होतो, आणि गोंधळ इथेच होतो. (२^३)^४ म्हणजे काय? बाहेरचा ४ सांगतो की कंसातली वस्तू चार वेळा लिहा.

(२^३)^४ = २^३ × २^३ × २^३ × २^३

आता पायरी २ लावा: ३ + ३ + ३ + ३ = १२. तीन-तीनचे चार गट, म्हणून ३ × ४. उत्तर २^१२ = ४०९६.

(अ^म)^न = अ^(म × न)

हा वेगळा नियम नाही. तीच बेरीज वारंवार केली, आणि तीच ती बेरीज पुन्हा पुन्हा करणे म्हणजे गुणाकार, इतकेच.

दोन्ही नियमांतला फरक आपल्या जुन्या गणितज्ञांच्या शब्दांतच होता. संस्कृत गणितात ‘घात’ या शब्दाचा एक अर्थ गुणाकार. चौथ्या घाताला ते ‘वर्गवर्ग’ म्हणत, म्हणजे वर्गाचा वर्ग: २ × २ = ४. सहाव्याला ‘घनवर्ग’, म्हणजे घनाचा वर्ग: ३ × २ = ६. आणि पाचव्याला? ‘वर्गघनघात’. वर्ग आणि घन यांचा गुणाकार: २ + ३ = ५. सातव्याला ‘वर्गवर्गघनघात’: ४ + ३ = ७. ‘घनवर्ग’ म्हटले की घाताचा घात, घातांक गुणायचे. नावाच्या शेवटी ‘घात’ आला की दोन घातांचा गुणाकार, घातांक मिळवायचे. ही नावे मला शाळेत कोणी सांगितली असती तर माझी दोन वर्षे वाचली असती.

रोजच्या कामात हा नियम घनफळात भेटतो. १ मीटर म्हणजे १०^२ सेंटिमीटर. मग १ घनमीटर म्हणजे (१०^२)^३ = १०^६ घन सेंटिमीटर. एका लिटरमध्ये १०^३ घन सेंटिमीटर असतात, म्हणून एक मीटर लांब, रुंद आणि उंच टाकीत १००० लिटर पाणी मावते. ‘मीटरचे शंभर सेंटिमीटर, मग घनमीटरचेही शंभर’ असे समजून टाकीचा हिशेब चुकवणारी मोठी माणसेही भेटतात.

एक सावधगिरी. नियम समजून घेताना २ आणि २ हे घातांक घेऊ नका. क्ष^२ × क्ष^२ ही क्ष^४ आणि (क्ष^२)^२ ही क्ष^४, कारण २ + २ आणि २ × २ सारखेच. चुकीचा नियम वापरूनही उत्तर बरोबर येते आणि चूक मनात पक्की होते. ३ आणि ४ घ्या, ३ आणि ५ घ्या.

पायरी ६: कंसावर घातांक असेल तर आत सगळ्यांना वाटा

(अ × ब)^म = अ^म × ब^म

(३क्ष^२)^३ उलगडा: ३क्ष^२ × ३क्ष^२ × ३क्ष^२. तीन वेळा ३ आहे, म्हणून २७. क्षचे घातांक २ + २ + २ = ६. उत्तर २७क्ष^६. सगळ्यात जास्त दिसणारी चूक ३क्ष^६, म्हणजे सहगुणकाला घात द्यायचा राहून जातो. दुसरी चूक ९क्ष^६, म्हणजे ३ चा घन करण्याऐवजी ३ ला ३ ने गुणले.

हाच नियम उलट्या दिशेनेही कामाला येतो. २^३ × ५^३ मध्ये पाये वेगळे, पण घातांक सारखे आहेत. तीन दोन आणि तीन पाच यांच्या जोड्या लावा: (२ × ५)^३ = १०^३ = १०००. तोंडी गणितात हे फार सोयीचे आहे.

पण कंसात अधिक किंवा वजा असेल तर घातांक असा आत वाटून द्यायचा नाही. (२ + ३)^२ = २५, आणि २^२ + ३^२ = १३.

पायरी ७: शून्य, ऋण आणि अपूर्णांक घातांक

हे वेगळे पाठ करायची गरज नाही. पायरी २ चा नियम मोडू द्यायचा नाही असे ठरवले की यांच्या किमती आपोआप ठरतात.

५^० × ५^३ = ५^(० + ३) = ५^३. ज्याने गुणल्यावर काहीच बदलले नाही ती संख्या १. म्हणून ५^० = १. (पाया शून्य नसला पाहिजे.)

२^(−३) × २^३ = २^० = १. ज्याला ८ ने गुणून १ येतो तो १/८. म्हणून २^(−३) = १/८. घातांक ऋण आहे म्हणून उत्तर ऋण होत नाही.

९^(१/२) × ९^(१/२) = ९^१ = ९. स्वतःशी गुणून ९ देणारी धन संख्या ३, म्हणून ९^(१/२) म्हणजे ९ चे वर्गमूळ.

पायरी ८: ताळा केल्याशिवाय पुढचे गणित नाही

(२क्ष^३य)^२ × ३क्षय^४ सोडवू. आधी कंस: ४क्ष^६य^२. मग गुणाकार: सहगुणक ४ × ३ = १२, क्षचे ६ + १ = ७, यचे २ + ४ = ६. उत्तर १२क्ष^७य^६.

ताळ्यासाठी क्ष = २, य = १ घ्या. दिलेल्या राशीत (२ × ८ × १)^२ × ३ × २ × १ = २५६ × ६ = १५३६. उत्तरात १२ × १२८ × १ = १५३६. जुळले. आता क्ष = १, य = २ घ्या: १६ × ४८ = ७६८ आणि १२ × ६४ = ७६८. हेही जुळले. दोनदा का करायचे? कारण १ चा कोणताही घात १ च असतो. ज्याच्या जागी १ ठेवला त्याच्या घातांकातली चूक ताळ्यात दिसत नाही.

मोबाइल किंवा संगणकावर ताळा करत असाल तर कंस न विसरता टाका. एक्सेलमध्ये =−२^२ लिहिले तर ते ४ दाखवते, कारण तिथे उणे चिन्ह आधी लागते. वहीत तेच −४ आहे. तसेच २^३^२ एक्सेल डावीकडून सोडवते आणि ६४ देते. गणितात मात्र वरचा घात आधी करायचा संकेत आहे, त्याने २^९ = ५१२ येतात.

सरावासाठी

आधी उलगडून, मग नियमाने सोडवा.

१) ७^३ × ७ × ७^५
२) (−३)^२ × (−३)^३
३) ४अ^२ब × ५अब^३
४) (५^२)^३ × ५
५) ९^२ × २७
६) (−२क्ष^४)^३
७) ६^(−२) × ६^४
८) ३^४ + ३^४ + ३^४

उत्तरे: १) ७^९. २) (−३)^५ = −२४३. ३) २०अ^३ब^४. ४) ५^७. ५) ३^४ × ३^३ = ३^७ = २१८७. ६) −८क्ष^१२. ७) ६^२ = ३६. ८) ही बेरीज आहे, पण सारख्याच तीन गोष्टींची, म्हणून ३ × ३^४ = ३^५ = २४३. आठवे ज्यांना १२ व्या घातापर्यंत घेऊन गेले त्यांनी पायरी २ मधला बेरजेचा परिच्छेद पुन्हा वाचावा.